दिसायला नितळ, पण अतिनील किरणांना बंद

खाद्यप्रक्रिया कारखान्याच्या सांडपाण्यातले जिवाणू निकामी करणारी अतिनील (यूव्ही) किरणांची यंत्रणा निवडताना चर्चा दिव्यांच्या वॅटवर अडकते. खरं तर सगळं पाण्यावर ठरतं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून येणारे २५४ नॅनोमीटरचे किरण जिवाणूच्या डीएनएमधले शेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना जखडून टाकतात. मग त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. नितळ पाण्यात ई. कोलाय या जिवाणूला त्यासाठी किरणांची फार मोठी मात्रा लागत नाही. अडचण असते ती किरण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची.

एक सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के किरण पार होतात, तो आकडा म्हणजे यूव्हीटी. तो ७० असेल तर तीन सेंटिमीटरवर ३४ टक्के किरण उरतात. ४० असेल तर जेमतेम ६. विरघळलेली प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत, पण अतिनील किरण शोषतात. साखर तापवताना तयार होणारी तपकिरी द्रव्यंही तेच करतात. म्हणून ग्लासात स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे पाण्यातून किती किरण पार होतात ते मोजणाऱ्या उपकरणावर, मोजावं.

पाणी दिव्यांपर्यंत येण्याआधी तेल-चरबी काढणं, जैविक प्रक्रिया आणि वाळूची गाळणी हवीच. तरंगता गाळ लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असलेला बरा. गाळाच्या कणात दडलेल्या जिवाणूपर्यंत किरण पोहोचत नाहीत. तिथे दिवे दुप्पट केले तरी फारसा फरक पडत नाही.

सर्वाधिक डोकेदुखी दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीची. दिव्याच्या उष्णतेने तिच्यावर कॅल्शियम आणि लोहाचे क्षार बसतात, वर चरबीचा पातळ थर. क्षारांना सायट्रिक आम्ल चालतं, चरबीला नाही. म्हणून आधी अल्कधर्मी साबणाने धुवायचं, मग आम्लाने. उलट क्रमाने केलं तर चरबीखालचे क्षार तसेच राहतात. स्वच्छ नळीला उघड्या हातांनी शिवू नये.

किरणांची तीव्रता मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा घसरला की आधी यूव्हीटी तपासा. ती ठीक असेल तर नळी आणि सेन्सरची काच धुवा. तरीही आकडा वर येत नसेल तर दिवा थकला समजा. त्याचा निळसर उजेड पाहून मात्र काही कळत नाही. साधारण ९ ते १२ हजार तासांचा हिशेब ठेवावा लागतो.

क्लोरीनसारखा कुठलाही अंश पाण्यात मागे राहत नाही, हा गुण आणि तोच दोष, कारण पुढे जिवाणूंना रोखणारं काही उरत नाही. शिवाय उजेडात काही जिवाणू आपला डीएनए दुरुस्त करून घेतात. प्रक्रिया झालेल्या पाण्याची टाकी झाकलेली हवी, आणि नमुना दिव्यांच्या लगेच पुढे घेतला तसाच वापराच्या नळावरही घ्यावा.