पोटातलं तिसरं आणि पंचायतीचं पद

12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल जन्माला आलं, की महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. नियम पुरुष सदस्यालाही आहेच, पण त्याला स्वतःचं पोट पदराआड लपवावं लागत नाही.

73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तेव्हा पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. 2011 मध्ये राज्यानं त्या निम्म्या केल्या. ज्या वयात घरात पाळणा हलतो, त्याच वयाच्या सुना निवडून येऊ लागल्या. कित्येकींचा फॉर्म तर जागा राखीव निघाली म्हणून सासऱ्यानंच भरलेला. अशा बाईला तिसऱ्यांदा दिवस गेले, की विरोधी पॅनल अंगणवाडीच्या नोंदी आणि जन्माचे दाखले गोळा करायला लागतं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. घरच्यांना मुलगा हवा, पॅनलला खुर्चीही हवी, आणि दोन्हींचं ओझं एकाच जिवावर. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी अशाच कायद्याचा पाच राज्यांत अभ्यास केला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण गर्भपात, सोडून दिलेल्या बायका, दत्तक देऊन टाकलेली मुलं हे त्यांना जे दिसलं, ते आपल्याकडच्या कुणाला नवं वाटू नये. मूल दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात सांगितलं.

कुशीवर सरकारची नजर असण्याची भीती याहून जुनी. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं.

अशा धास्तीचा गर्भावर काय परिणाम होतो, याची मोजदाद मात्र परदेशात झाली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावांच्या बायकांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचं प्रमाण वाढलं. इतर बायकांत ही वाढ दिसली नाही. मे 2008 मध्ये अमेरिकेच्याच आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावी स्थलांतरितांवर मोठी धाड पडली. त्यानंतर त्या राज्यातल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांच्या बाळांत कमी वजनाचा धोका 24 टक्क्यांनी जास्त आढळला.

विदर्भात धाड पडत नाही, कर्जमाफीची यादी लागते. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती. कोरडवाहू कापूसपट्ट्यात जमीन जास्त आणि पीक कमी, त्यामुळे अनेक घरं बाहेर राहिली. पुढं 2017 ची माफी ऑनलाइन अर्जांच्या फेऱ्यात अडकली. घरात एकच सूचना असते: "तिले काई सांगू नका, दोन जीवाची आहे ते." सांगितलं नाही तरी सावकाराची गाडी दारात किती वेळ थांबली हे तिला चुलीपाशी बसून कळतंच. सांगितलं असतं तर निदान विचारता तरी आलं असतं.

मनाच्या आजाराचं काम विदर्भात झालं, नाही असं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प चालला आणि नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. पण एकूण चर्चेच्या मध्यभागी राहिला तो कर्जबाजारी शेतकरी. गरोदर बाईची दर महिन्याच्या 9 तारखेची तपासणी वजन, बीपी, हिमोग्लोबिन यांच्याभोवतीच फिरते. बाळंतपणाच्या आगेमागे येणारं नैराश्य ओळखायला 1987 पासून जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली आहे. तिच्यातला एक प्रश्न 'विनाकारण' काळजी वाटते का, असा आहे. जिच्या काळजीला सात-बारासकट कारण आहे, तिनं काय उत्तर द्यायचं?

आणि विचारणार कोण? आशाताई. ती गावचीच सून, तिची निवड ग्रामसभेतून होते, म्हणजे तीही कुठल्या तरी पॅनलची मानली जातेच. तिसऱ्याची धास्ती असलेली सरपंचबाई तिच्यापाशी मन मोकळं करील ही आशा फोल आहे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर 2022 पासून सुरू आहे, पण फोन बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात असतो.