लोड अ‍ॅव्हरेज, आभासी यंत्रांवरील

लिनक्स प्रणालीत एक, पाच व पंधरा मिनिटांच्या कालावधींसाठी दाखविले जाणारे चालू व प्रलंबित कामांचे सरासरी आकडे. आभासी यंत्रावर (एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरने उभारलेल्या स्वतंत्र संगणकावर) ते प्रोसेसरच्या प्रत्यक्ष वापराशी पुष्कळदा जुळत नाहीत.

या मापनाचा उगम साधारणतः १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच्या टेनेक्स या संगणक कार्यप्रणालीत मानला जातो. ऑगस्ट १९७३ च्या आरएफसी ५४६ या टिपणात केवळ प्रोसेसरसाठी सज्ज असलेली कामे अभिप्रेत आहेत. लिनक्समध्ये मात्र मथियास उर्लिख्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये सुचविलेल्या बदलानंतर डिस्कसारख्या साधनाची वाट पाहत अडकलेली, म्हणजे ‘डी’ अवस्थेतील कामेही मोजली जाऊ लागली. स्वॅपसाठी (स्मृती अपुरी पडल्यास तिच्यातील मजकूर डिस्कवर ठेवण्यासाठी) वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसविली, तर यंत्र रेंगाळते आणि आकडा मात्र उतरतो, ही विसंगती त्यांना दूर करावयाची होती. मूळ व्याख्येशी ही फारकत आहे, असा आक्षेप घेतला जातो. तथापि हा आकडा प्रोसेसरपुरता न मानता संपूर्ण यंत्रणेवरील मागणीचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुमारे पाच सेकंदांनी मोजणी करते व जुन्या नोंदींचे वजन घातांकी पद्धतीने घटविते; म्हणून रिकाम्या यंत्रावर एकच काम अखंड चालविल्यास मिनिटभराने पहिला आकडा १ नव्हे, तर सुमारे ०.६३ असतो.

विदर्भातील कापूस पट्ट्यात, वणी किंवा अकोटसारख्या ठिकाणच्या बाजार समितीच्या आभासी यंत्राचा बॅकअप दुसऱ्या खोलीतील एनएफएस साठ्यावर (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल साठ्यावर) जात असेल आणि भारनियमनात तेथील नेटवर्क स्विच बंद पडला, तर क्रॉनने ठरावीक वेळी सुरू केलेले प्रत्येक बॅकअपचे काम ‘डी’ अवस्थेत अडकते व आकडा पायरीपायरीने एकेकाने चढतो. काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) मात्र पूर्ववत निघत राहतात आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी यंत्र पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. पीएस या आज्ञेने मिळणाऱ्या कामांच्या यादीत ‘डी’ अवस्थेतील कामे शोधून साठ्याची जोडणी पूर्ववत करणे इष्ट. जोडणी आल्यावरही तिसरा आकडा सावकाश उतरतो. तो १२ वर असेल आणि यंत्र पूर्ण रिकामे झाले, तरी पंधरा मिनिटांनी तो सुमारे ४.४ असतो.

आकडे न जुळण्याचे दुसरे कारण यजमान यंत्रावरील (आभासी यंत्रे ज्यावर चालतात त्या प्रत्यक्ष संगणकावरील) दाटी हे होय. यजमानाने प्रोसेसरचा वेळ न दिल्यास सज्ज कामे रांगेत साचतात. टॉप व व्हीएमस्टॅट या आज्ञांतील ‘एसटी’ स्तंभ हा हिरावलेला वेळ दाखवितो, पण यजमानाने ती माहिती पुरविली तरच. म्हणून तेथील शून्य हा निर्णायक पुरावा नव्हे. पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्रात फेरफार करून हा दोष जात नाही.

कंटेनरमध्ये (यजमानाचेच कर्नल वापरणाऱ्या, वेगळ्या ठेवलेल्या कामांच्या गटात) सामान्यतः यजमानाचाच आकडा दिसतो. कर्नल ४.२० पासून (२०१८) उपलब्ध असलेली पीएसआय ही सोय प्रोसेसर, स्मृती व आय-ओ यांवरील ताण स्वतंत्रपणे दाखविते.