अंग सैल सोडायला शिकवणारे: परळ, लोणावळा आणि क्रॉयडन

१९६९ साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईच्या केईएम रुग्णालयातला एक निबंध छापून आला. आजार होता उच्च रक्तदाब आणि तपासलेला उपाय होता शवासन. डॉ. के. के. दाते तिथल्या हृदयरोग विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर देशमुख, दळवी आणि विनेकर अशी आणखी तीन नावे निबंधावर आहेत. रुग्ण ४७. रोजच्या ताणावर बोलताना हल्ली जो तो सांगतो की श्वासाकडे लक्ष द्या, अंग सैल सोडा. तेच रक्तदाबाचा पट्टा बांधून तपासण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक आपल्या परळमध्ये झाला, हे आपल्याकडेच किती कमी जणांना ठाऊक आहे! योगाच्या प्राचीनतेचा अभिमान आपण पुष्कळ बाळगतो, पण हे काम त्याहून जवळचे आहे आणि पडताळून पाहता येण्याजोगे आहे.

त्या निबंधातली कृती वाचण्यासारखी आहे. रुग्णाने उताणे निजायचे. पायांमध्ये ३० अंशांचे अंतर, हात धडापासून १५ अंशांवर, बोटे किंचित वळलेली, पापण्या अलगद मिटलेल्या. श्वास संथ आणि पोटाने घ्यायचा. आत घेतल्यावर थोडे थांबायचे, बाहेर सोडल्यावर त्याहून जरा जास्त. ही लय बसली की लक्ष नाकपुड्यांशी न्यायचे: आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. मन तिथे गुंतले की एरवीचे विचार मागे पडतात आणि अंग जड झाल्याचे जाणवू लागते. वेळ ३० मिनिटे. बहुतेकांना हे नीट जमायला साधारण तीन आठवडे लागले.

ज्या १० जणांना रक्तदाबाची औषधे चालू नव्हती, त्यांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला (हा वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला मध्य आहे, वरचा आकडा नव्हे). औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांचे औषध कमी करता आले. उणीव मात्र मोठी होती. शवासन न करणाऱ्या रुग्णांचा वेगळा गट तुलनेला नव्हता. डॉक्टरांचे लक्ष, वारंवार तपासणी, नुसते पडून राहणे यांचा वाटा किती आणि शवासनाचा किती, हे त्यावरून सांगता येत नव्हते.

निबंधावरचे शेवटचे नाव, विनेकर, थेट लोणावळ्याला नेते. तिथल्या कैवल्यधाम या योगसंस्थेत तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे ते सहकारी, आणि १९६३ मध्ये दोघांनी मिळून योगोपचारावर पुस्तक लिहिले. कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. बडोद्याला प्रो. माणिकरावांच्या हाताखाली व्यायामाचे शिक्षण, मग अमळनेरला अध्यापन, आणि नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासांकडे योग. गुरूकडे जे अनुभवले ते शरीरात नेमके कसे घडते, याची त्यांना तहान लागली. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासून घेतल्या. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. साधकाने स्वतःच्या साधनेला प्रयोगशाळेत उभे करायचे, यासाठी त्या काळी केवढे धैर्य लागले असेल! गूढ म्हणून झाकून ठेवणे सोपे होते आणि त्यात मानही जास्त होता.

शवासन अर्थातच त्याहून पुष्कळ जुने. साधारण पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या योगग्रंथात स्वात्मारामाने ते एका श्लोकात सांगितले आहे: जमिनीवर प्रेतासारखे उताणे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. एवढेच. पडल्यावर करायचे काय, हे गुरूकडून शिकायचे असे.

इकडे कुवलयानंदांचे काम चालले असताना अमेरिकेत शिकागोला एडमंड जेकबसन हा वैद्य वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होता. पाश्चात्त्य शरीरशास्त्राने तोवर अर्धी बाजू मांडली होती. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ मध्ये दाखवले होते की भीती आणि राग आले की ॲड्रिनलिन सुटते, हृदय जोरात चालते, रक्त स्नायूंकडे वळते. शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होते. जेकबसनने दुसरी बाजू धरली. सज्ज झालेले शरीर पुन्हा खाली कसे आणायचे? अचानक मोठा आवाज केला तरी खरोखर सैल पडलेला माणूस दचकत नाही, हे त्याला आधीच दिसले होते. १९२९ मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकरूपात मांडली.

तिचा पहिला धडा आत्ता बसल्या जागी करता येतो. हात टेकवा आणि पंजा मनगटातून मागे वाकवा. मनगटात ताण लागेल, त्याकडे लक्ष देऊ नका. कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला एक बारीक, अस्पष्ट आवळल्यासारखे जाणवेल. ते ओळखायचे, आणि मग पंजा 'खाली नेण्याचा' प्रयत्न न करता नुसते वाकवणे थांबवायचे. सैल होण्यासाठी खटपट केली की पुन्हा ताणच येतो, यावर जेकबसनचा सगळा भर होता. एकेका स्नायूसाठी तो इतका वेळ देई की पूर्ण शिक्षणाला महिनेच्या महिने लागत. जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात ती पद्धत आटोपशीर केली, आणि आज समुपदेशक शिकवतात ती बहुधा अशीच आटोपती घेतलेली असते.

नंतरच्या दोन गोष्टी सर्वपरिचित आहेत, म्हणून ओझरत्याच. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन याने १९७९ मध्ये रुग्णालयात ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला.

दाते यांच्या निबंधातली उणीव भरून निघाली ती इंग्लंडमध्ये. लंडनजवळ क्रॉयडनला चंद्रा पटेल या डॉक्टर साधा दवाखाना चालवत. १९७३ मध्ये त्यांनी २० रुग्णांवर योगातले शिथिलीकरण आणि शरीरातले बदल रुग्णालाच आवाजातून ऐकवणारे यंत्र यांचा मेळ घालून पाहिला. १९७५ मध्ये नॉर्थ या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला सहा आठवडे रीतसर शिकवले. दुसऱ्यालाही तितक्याच वेळा बोलावले, तितकाच वेळ आराम करू दिला, पण शिकवले काही नाही. शिकलेल्यांचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला, नुसता आराम केलेल्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६. पुढे या दुसऱ्या गटालाही शिकवले, तेव्हा त्यांचाही तितकाच खाली आला.

मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग वाटतो. रविवारी दुपारी लोळूनही सोमवारी खांदे आखडलेलेच असतील तर त्यात आपला काही दोष नाही. पडून राहणे वेगळे आणि सैल होणे वेगळे, आणि दुसरे कुणीतरी शिकवावे लागते. (औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत. वरच्या सगळ्या प्रयोगांत तो निर्णय डॉक्टरांचाच होता.)

१९८५ मध्ये पटेल आणि मायकेल मार्मट यांनी १९२ जणांच्या चाचणीचे चार वर्षांनंतरचे निष्कर्ष छापले. आठवड्याला एक तास, असे आठच आठवडे शिकवले होते, तरी रक्तदाबातला फरक टिकून होता. पण त्याच वर्षी मार्मटने लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांची दुसरी मोठी पाहणी सुरू केली, १०,३०८ जणांची, आणि तिच्या १९९१ च्या निबंधावर पटेल यांचेही नाव आहे. तिथे दिसले ते असे: नोकरीतली पायरी जितकी खालची, तितके आजारपण जास्त. आपल्या कामावर आपली काहीच सत्ता नाही असे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळतो, हे त्याच पाहणीतून पुढे १९९७ मध्ये मांडले गेले. म्हणून कंपन्या हल्ली कामाचे तास तेच ठेवून जेव्हा तासाभराचे शिथिलीकरणाचे वर्ग घेतात, तेव्हा त्यांनी पटेल यांचे अर्धेच काम वाचलेले असते.