काळा ठिपका कोणाचा? साल्मोनेला आणि प्रोटियस

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो. लग्नाच्या पंगतीतला रस्सा किंवा पनीरची भाजी बर्फाशिवाय दोन तास गाडीत फिरली, की आत प्रोटियस या जंतूची चंगळ होते. मग अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चौथ्या दिवशी प्लेटवर (जंतू वाढवायच्या माध्यमाच्या बशीवर) काळ्या ठिपक्यांच्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे पुंजके, दिसतात आणि रजिस्टरमध्ये ‘साल्मोनेला’, म्हणजे अन्नातून विषबाधा करणारा जंतू, असं लिहायला हात शिवशिवतो. पण ठिपका एवढंच सांगतो की जंतूने थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड काढला आणि तो माध्यमातल्या लोहाशी मिळून काळा पडला. हे काम दोघंही करतात.

घोटाळा महाग पडतो. बहुतेक तयार अन्नपदार्थांच्या निकषात २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला मुळीच चालत नाही. प्रोटियस मात्र निरोगी माणसाच्या आतड्यात, सांडपाण्यात, कुजक्या मांसात असतोच. मूत्रमार्गाच्या संसर्गात तो खरा आरोपी; जुलाबाच्या नमुन्यात नुसता सापडला म्हणून त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही. (प्रोटियसला जर्मन शास्त्रज्ञ हाउजरने १८८५ साली रूपं बदलणाऱ्या ग्रीक सागरदेवाचं नाव दिलं, ते अगदी चपखल आहे.)

जंतू ओळखायला वेगवेगळी माध्यमं वापरतात. त्यातल्या मॅकाँकी अगारवर दोघंही लॅक्टोज (दुधातली साखर) न आंबवणारे, म्हणून दोघांच्या कॉलनी बिनरंगी. एसएस अगार या दुसऱ्या माध्यमावर दोघंही काळ्या ठिपक्याचे. तिथे नजरेने निवाडा करू नये. एक्सएलडी या तिसऱ्या माध्यमावर थोडं हाताला लागतं. साल्मोनेला आधी झायलोज ही साखर आंबवतो, ती संपली की लायसिन या अमिनो आम्लाचा कार्बोक्सिल गट काढतो. माध्यम पुन्हा अल्कधर्मी होतं आणि कॉलनी लाल, मध्ये काळी दिसते. प्रोटियसला लायसिनचं ते काम जमत नाही, म्हणून तो आम्लामुळे पिवळा राहतो. पण हे १८ ते २४ तासांच्या आतलं चित्र. रविवारची सुट्टी मध्ये आली आणि प्लेट ४८ तासांनी पाहिली, तर पिवळेपणा ओसरून प्रोटियसही काळा ठिपका मिरवतो. उलट बाजूनेही चूक होते: प्लेट दाट झाली असेल तर शेजारच्या ई. कोलायच्या आम्लात साल्मोनेलाचा लाल रंग झाकून जातो. एक्सएलडी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायचं नाही. उकळी आली की उतरवा, ५० अंशांना ओता. जास्त तापलं तर गाळ बसतो आणि पुढच्या साऱ्या रंगांवरचा भरवसा जातो.

सगळ्यात जास्त फसवतो तो टीएसआय, म्हणजे तीन साखरा आणि लोह असलेलं नळीतलं माध्यम. साल्मोनेला: स्लँट (वरचा उतार) लाल, बट (खालचा तळ) पिवळं, काळं, वायू. प्रोटियस मिराबिलिस: हुबेहूब तेच. प्रोटियस व्हल्गॅरिस ही दुसरी जात सुक्रोज (उसाची साखर) आंबवते म्हणून तिचा स्लँट बहुधा पिवळा होतो, पण भेटतो जास्त करून मिराबिलिसच. एकट्या टीएसआयवर रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा खरं तर नाणं उडवत असते.

म्हणून टीएसआय लावतानाच, त्याच कॉलनीतून, युरियाची नळी लावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर बोलणारी चाचणी हीच. ख्रिस्टेन्सनच्या युरिया माध्यमावर प्रोटियस बहुधा २ ते ६ तासांत गर्द गुलाबी होतो. सकाळी लावलेली नळी दुपारच्या चहापर्यंत उत्तर देते. साल्मोनेला २४ तासांनंतरही फिका पिवळा. माध्यम मात्र नीट हवं: बेस (युरियाविना माध्यम) ऑटोक्लेव्ह करून ५० अंशांपर्यंत निवू द्या आणि मग ९५ मिलीत ४० टक्के युरियाचं फिल्टरने निर्जंतुक केलेलं द्रावण ५ मिली घाला. युरियाच ऑटोक्लेव्ह केला तर तो फुटून अमोनिया होतो आणि नळी जंतू टाकण्याआधीच गुलाबी. बिनजंतूची एक नळी नेहमी सोबत ठेवा.

इथे एक खाच आहे. गुलाबी आलं म्हणून प्लेट फेकू नका. प्रोटियस पसरत जातो. साल्मोनेलाच्या कॉलनीखाली त्याचा पातळ थर दडलेला असू शकतो आणि मिश्र कॉलनी युरिया गुलाबीच करते. प्लेटवरच्या निदान पाच कॉलनी तपासा, संशयित पुन्हा मॅकाँकीवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढून सुटी करा. पित्तक्षारांमुळे तिथे प्रोटियसचं पसरणं आवरतं; ब्लड अगारवर तो लाटा-लाटांनी सगळी प्लेट व्यापतो.

खात्रीसाठी लायसिन आयर्न अगार हे आणखी एक नळीतलं माध्यम. बटमध्ये दोनदा टोचा, स्लँटवर रेघ ओढा, टोपी सैल ठेवा, कारण प्रोटियसच्या डिअमिनेज या विकराला (एन्झाइमला) हवा लागते. साल्मोनेला वर-खाली जांभळा; प्रोटियस वर लालसर, खाली पिवळा. आठ-दहा तासांत वाचू नका, कारण ग्लुकोजच्या आम्लाने साल्मोनेलाचं बटही आधी पिवळंच होतं. फेनिलअॅलॅनिन (आणखी एक अमिनो आम्ल) असलेल्या स्लँटवर १० टक्के फेरिक क्लोराइडचे ४-५ थेंब टाकले तर प्रोटियस हिरवा होतो. हिरवा रंग लगेच विरतो, तेव्हा तिथेच उभं राहून पाहा.

साल्मोनेलाचेही काही भाऊबंद चाकोरीबाहेरचे. टायफी (टायफॉइडचा जंतू) वायू काढत नाही, काळंही जेमतेम मिशीएवढं. पॅराटायफी ए बहुधा काळं करत नाही आणि त्याचं लायसिन निगेटिव्ह. ठिपका नाही म्हणून कॉलनी सोडणाऱ्याच्या हातून हेच निसटतात.

उन्हाळ्यात आणखी एक पाहा: नुसत्या हीटरचा इनक्युबेटर (जंतू वाढवायची ऊबपेटी) खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर ३७ ला लावलेलं यंत्र ३७ वर नसतंच. आतला थर्मामीटर वाचा. साल्मोनेला वाढवायच्या आरव्हीएस ब्रॉथ या पातळ माध्यमाला ४१.५ अंश हवेत, एक अंश इकडे-तिकडे. प्रोटियस रोखायचा तर टेट्राथायोनेट या दुसऱ्या पातळ माध्यमात नोव्होबायोसिन हे प्रतिजैविक विसरू नका, कारण टेट्राथायोनेट प्रोटियसलाही मानवतो.

सिरम, म्हणजे साल्मोनेलाला चिकटून गुठळ्या करणारं प्रतिपिंडांचं द्रावण, शेवटी. न्यूट्रियंट अगारवरच्या ताज्या वाढीतूनच पॉलिव्हॅलंट ओ (अनेक प्रकारांना एकत्र चालणाऱ्या) सिरमची स्लाइड करा, शेजारी सलाइनचा (मिठाच्या पाण्याचा) थेंब ठेवा. सलाइनमध्येही गुठळ्या झाल्या तर त्या स्लाइडवरून काहीच वाचता येत नाही.