सतरा वर्षांचं मनगट

१५ नोव्हेंबर २००९. नायजेरियाची राजधानी अबुजा, साठ हजार माणूस मावेल असं राष्ट्रीय स्टेडियम आणि सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. यजमान नायजेरिया गतविजेते होते. समोर होता या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेला स्वित्झर्लंडचा संघ. नेमार आणि कुटिन्हो ज्यात खेळत होते त्या ब्राझीलला गटसाखळीत हरवून, एकही सामना न गमावता तो इथवर पोचला होता. ६३व्या मिनिटाला हारिस सेफेरोविचने गोल केला. तो गोल काही फिटला नाही आणि घरच्या मैदानावर नायजेरिया १-० ने हरली.

क्रीडापानांनी लिहिलं ते स्विस पोरांच्या पराक्रमाबद्दल, आणि ते योग्यच होतं. पण ही स्पर्धा आणखी एका कारणासाठी लक्षात राहायला हवी. खेळाडूचं वय खरं की खोटं हे पारखण्यासाठी फिफाने मनगटाचा एमआरआय पहिल्यांदा लागू केला तो इथेच. यजमानांनी स्पर्धेआधी आपल्याच पोरांची मनगटं तपासून घेतली आणि पंधरा जणांना संघातून काढावं लागलं. ऐनवेळी बांधलेला संघ तरीही अंतिम सामन्यापर्यंत गेला, हे मला त्या स्विस विजयाइतकंच अचंबित करतं.

वयचोरीचा संशय काही नवा नव्हता. १९८८च्या ऑलिंपिकसाठी नायजेरियाने तीन खेळाडूंच्या ज्या जन्मतारखा दिल्या, त्या याच खेळाडूंच्या आधीच्या युवा स्पर्धांमधल्या तारखांशी जुळेनात. फिफाने देशाला दोन वर्षं युवा स्पर्धांतून बाहेर बसवलं आणि १९९१च्या युवा विश्वचषकाचं यजमानपद काढून पोर्तुगालला दिलं. कागदावर भरवसा ठेवावा तर कागदच दोन निघतात, मग शरीरालाच विचारलं तर? तेही मनगटाला का?

वाढत्या वयात हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी वाढते ती इथे. पट्टीतल्या पेशी विभागत राहतात, मागच्या पेशींची जागा हाड घेतं आणि टोक पुढे सरकतं. पौगंडावस्था संपत आली की हे काम मंदावतं, पट्टी विरळ होत जाते आणि शेवटी दोन शेतांमधला बांध नांगरून टाकावा तसं टोक आणि दांडा एकजीव होतात. त्यानंतर उंची वाढत नाही.

ही पट्टी बंद करण्याचा हुकूम मुलग्यांतही इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक, देतं. मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तोच हाडांना ‘आता पुरे’ असं सांगतो. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद वैद्यकीय साहित्यात आली. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप कळतच नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, ती अजून वाढत होती आणि हाडांचं वय भरलं पंधरा. जन्मदाखला आणि हाड ही दोन वेगवेगळी घड्याळं आहेत, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

सगळ्या हाडांच्या पट्ट्या एकदम बंद होत नाहीत. कोपराच्या लवकर होतात, मनगटाच्या उशिरा. पुढच्या हाताचं अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, मनगटाजवळ ज्या सुमाराला जुळतं तो सुमार मुलग्यांत सतरानंतरचा. फुटबॉलला नेमकी तीच सीमारेषा हवी होती. मनगट तपासायलाही सोपं, हात यंत्रात घातला की झालं.

मग साधा एक्स-रे का नको? आपल्याकडे क्रिकेटमध्ये वयोगटाच्या स्पर्धांसाठी बीसीसीआय मनगटाचा एक्स-रेच काढतं आणि टीडब्ल्यू-३ नावाच्या पद्धतीने हाडांचं वय मोजतं. मनगटाच्या एक्स-रेतला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, पण धडधाकट अल्पवयीन मुलावर उपचाराचं काही कारण नसताना तो तरी का टाकायचा, हा प्रश्न उरतोच. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकद वापरून शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रांगेत लावतं, रेडिओलहरींनी त्यांना हलवतं आणि ती पूर्वस्थितीला येताना सोडत असलेले संकेत टिपतं. हाडाच्या आतली चरबीयुक्त मज्जा प्रतिमेत पांढरी दिसते आणि वाढीची पट्टी काळसर. काळी रेघ सलग असेल तर हाड वाढतंय, तुटक असेल तर जुळतंय, दिसेनाशी झाली तर जुळलं.

फिफाच्या वैद्यकीय गटाने याच्या सहा पायऱ्या ठरवल्या. अजिबात न जुळलेलं ते पहिली, पूर्ण जुळलेलं ते सहावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना या चार देशांतले १४ ते १९ वयाचे ४९६ मुलगे होते. सोळा वर्षांच्या मुलांत सहावी पायरी गाठलेले एक टक्क्याहूनही कमी निघाले. त्यावरून नियम आला: सहावी पायरी दिसली की मुलगा स्पर्धेबाहेर.

चाचणी मुलाचं वय सांगत नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. ‘हा सोळा वर्षांचा असणं फार दुर्मीळ आहे’ एवढंच ती म्हणते. उलट बाजूने तर ती आणखी सैल आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या कितीतरी मुलांची पट्टी पूर्ण मिटलेली नसते, त्यामुळे पाचव्या पायरीवरचा एकोणीस वर्षांचा गडी बिनदिक्कत आत येतो. कुपोषणाने हाडांची वाढ रेंगाळते, म्हणजे गरीब घरातल्या मुलाचं हाड कागदापेक्षा लहान दिसण्याची शक्यता जास्त. चाचणी गरिबांवर अन्याय करते असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं. मात्र त्या चार देशांत सहाराच्या दक्षिणेचा एकही देश नव्हता, ही टीका रास्त आहे. जिथल्या मुलांवर संशय सर्वात जास्त, तिथली मुलं मूळ मोजमापात नसावीत हे मला खटकतं.

आणि ‘एक टक्क्याहून कमी’ हा आकडा ऐकायला जितका दिलासादायक वाटतो तितका तो नाही. २००९च्या स्पर्धेत २४ संघ, प्रत्येकी २१ खेळाडू, म्हणजे ५०४ मुलं. सगळी अगदी प्रामाणिक सोळा वर्षांची आहेत असं धरलं आणि चूक एक टक्का मानली, तरी पाच जण विनाकारण खोटे ठरतील. प्रत्यक्षात ती सोळाची नसतातही. २००९च्या स्पर्धेचा नियम होता, १ जानेवारी १९९२ला किंवा त्यानंतर जन्मलेला असावा. सेफेरोविचचा जन्म २२ फेब्रुवारी १९९२चा, म्हणजे अंतिम सामन्याच्या दिवशी तो जवळजवळ पावणेअठरा वर्षांचा होता. यात गैर काहीच नाही, नियमच तसा आहे. पण पावणेअठराव्या वर्षी पट्टी मिटलेली असणं हे सोळाव्या वर्षाइतकं दुर्मीळ खचितच नाही. शिवाय या वयात निवडले जातात ते उंच, दणकट, लवकर वयात आलेले मुलगे, आणि त्यांची हाडंही बरोबरीच्यांपेक्षा आधी जुळतात.

या निवडीच्या कलाचा एक आकडा बघण्यासारखा आहे. १९९७ ते २००७ या काळातल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांच्या खेळाडूंचे जन्ममहिने एका संशोधकाने तपासले. जवळजवळ ४० टक्के मुलं जानेवारी ते मार्चमधली, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली फक्त १६ टक्के. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोराड असतो, प्रशिक्षकाच्या डोळ्यात तोच भरतो. जगभर हेच चित्र, एक आफ्रिका सोडून. आफ्रिकी संघांत कल बरोबर उलटा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या जन्मतारखाच भरपूर. यावरून कुणा एका पोराकडे बोट दाखवता येत नाही. पण त्या तारखा प्रसूतिगृहात लिहिल्या गेल्या की नंतर कधीतरी एखाद्या टेबलावर, अशी शंका यावी एवढं हे नक्कीच आहे.

आपण महाराष्ट्रातल्यांनी यावर फार नाक मुरडू नये. १ जूनला वाढदिवस असलेले काका-मामा बहुतेक घरांत सापडतात. पोर शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसायची, गुरुजी जूनचा पहिला दिवस टाकून मोकळे व्हायचे आणि तीच तारीख निवृत्तीपर्यंत सोबत यायची. त्यात लबाडी नव्हती, नोंदच नव्हती. २००९च्या सुमाराला नायजेरियात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून कितीतरी कमी मुलांची जन्मनोंद झालेली होती. अशा देशात ‘खोटं वय’ आणि ‘माहीत नसलेलं वय’ यांतला फरक कुठलंही चुंबक दाखवू शकत नाही. आणि तारीख मुद्दाम बदलली असेल, तर ती सहसा पोराने एकट्याने बदललेली नसते. युरोपातल्या क्लबचा करार डोळ्यांसमोर असलेले बाप्ये आजूबाजूला असतात, मनगट मात्र पोराचं तपासलं जातं.

सतराच्या पुढे तर मनगटही कामाचं नाही. अबुजाच्या महिनाभर आधी, १६ ऑक्टोबर २००९ला, कैरोत वीस वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. घानाचा एक खेळाडू पूर्वार्धातच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. उरलेल्या दहा जणांनी ब्राझीलला अतिरिक्त वेळेपर्यंत गोलशून्य रोखलं, पेनल्टींवर ४-३ ने हरवलं, आणि हा चषक पहिल्यांदा आफ्रिकेत आला. त्या वयोगटासाठी अशी खात्रीची चाचणी नाही. गळ्याजवळचं हाड, म्हणजे कॉलरबोन, सर्वात शेवटी, विशीत केव्हातरी जुळतं, आणि न्यायवैद्यकात ते बघतातही. पण माणसामाणसांत फरक इतका की वीस आणि एकवीस यांच्यात रेघ मारणं त्याला जमत नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या मनगटाच्या पट्ट्या लवकर मिटतात, सोळा-सतरा वर्षांच्या कितीतरी मुलींत त्या पूर्ण जुळलेल्या असतात. त्यामुळे मुलींच्या स्पर्धांसाठी ही चाचणी वापरू नये असं संशोधकांनीच सांगितलं. ३० ऑक्टोबर २०२२ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जिंकला. त्या मैदानावर उतरलेल्या कुठल्याही मुलीच्या वयाबद्दल मनगटाची साक्ष ग्राह्य धरता आली नसती.