बटण चालतंय, पण बोट घेईना

बऱ्याच लॅपटॉपांच्या कीबोर्डवर उजव्या कोपऱ्यात एक बटण असतं. दाबलं की मशीन चालू होतं, बोट टेकवलं की पासवर्ड न टाकता उघडतं. ते बिघडलं म्हणून बेळगावात खडेबाजाराच्या आसपास एखाद्या दुकानात नवं बसवून घ्यावं, तर कधी कधी निम्मंच काम होतं. "चालू होतंय की, पण बोट घेईना," असं दुकानदार म्हणतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, पार्ट डुप्लिकेट मारला. पण पार्ट अस्सल असला तरी असं होऊ शकतं. काही लॅपटॉपांची तर रचनाच तशी केलेली आहे.

त्या एका बटणात दोन वेगळ्या वस्तू आहेत. खाली साधा स्विच. त्याला कुणाचं बोट आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. वर सेन्सर, आणि तो दाब मोजत नाही, विद्युतभार मोजतो. बोटाच्या टोकाची कातडी चिकोडीकडच्या उसाच्या रानासारखी सरी-वरंब्यांची असते. दोन वरंब्यांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. सेन्सरच्या पातळ आवरणाखाली धातूच्या सूक्ष्म ठिपक्यांची जाळी असते. वरंबा आवरणाला टेकतो, तिथे कातडी आणि धातू एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि जास्त भार साठतो. सरीच्या जागी मध्ये हवा राहते, भार कमी साठतो. ठिपक्याठिपक्यावरचा हा फरक मोजला की ठशाचा नकाशा तयार. एका इंचात 500 ठिपके हे रूढ प्रमाण आहे. म्हणजे एक ठिपका जेमतेम 0.05 मिलिमीटरचा, आणि एका वरंब्यापासून पुढच्या वरंब्यापर्यंत असे सुमारे दहा ठिपके.

एवढं कळलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. सरीत घाम किंवा पाणी भरलं की हवेची जागा पाणी घेतं आणि फरकच पुसला जातो. जुलैत खानापूर-जांबोटीकडून पावसात भिजत आलेल्या माणसाचं बोट लॅपटॉप ओळखत नाही, त्यात बिचाऱ्या बटणाचा दोष नसतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याचे किंवा निपाणीत वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या बाईचे वरंबे झिजलेले असतात. रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र बहुधा वेगळ्या, प्रकाशाच्या तत्त्वावर चालतं, पण तिथंही अडतं ते याच कातडीपाशी. म्हणून आधी बटण मऊ कोरड्या कापडानं पुसावं, जुने ठसे काढून नव्याने नोंदवावेत, दुसऱ्या हाताचंही एक बोट देऊन ठेवावं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बायोमेट्रिक उपकरण दिसतच नसेल, तर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून बघावा. तरीही दिसेना, तेव्हाच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

बटणापासून मदरबोर्डकडे कागदासारखी पातळ पट्टी जाते. दुकानात तिला फ्लेक्स किंवा रिबन म्हणतात. तिचं टोक एका चिमुकल्या सॉकेटात बसतं आणि त्यावर बहुतेक वेळा नखाएवढंही नसलेलं झाकण असतं. ते झाकण उचलायचं, मग पट्टी सरळ मागे ओढायची. न उचलता ओढली की सॉकेटच फाटतं, आणि स्वस्तातल्या कामाचं मदरबोर्डचं काम होऊन बसतं. पट्टी किंचित तिरकी बसली तरी सेन्सर दिसेनासा होतो. त्यामुळे बटण बदलण्याआधी बॅटरीची वायर काढून, हीच पट्टी एकदा काढून नीट बसवून पाहणारा कारागीर मी हुशार समजतो.

बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत सेन्सर हे आतल्या आत यूएसबीवर जोडलेलं उपकरण असतं. अगदी त्याच मॉडेलचा पार्ट बसवला, ठसे पुन्हा नोंदवले की सहसा काम होतं. ॲपलच्या मॅकबुकचं तसं नाही. 2016 साली मॅकबुक प्रोवर टच आयडी, म्हणजे ॲपलचं बोट ओळखणारं बटण, आलं, तेव्हापासून ठसा बटणात साठतच नाही. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा बंदिस्त कप्पा असतो. ठशावरून काढलेली गणिती माहिती तिथे राहते आणि जुळवणीही तिथेच होते. कारखान्यात बटण आणि हा कप्पा यांना एक सामाईक गुप्त किल्ली दिली जाते आणि दोघांतलं बोलणं त्या किल्लीच्या आधारे कूटबद्ध होतं. नव्या बटणाकडे तुमच्या मदरबोर्डची किल्ली नसते. स्विच चालतो, बोट चालत नाही.

ही अडवणूक निव्वळ धंद्यासाठी आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 2023 मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्स या संस्थेच्या संशोधकांनी डेल, लेनोव्हो आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रत्येकी एका मॉडेलवरचं विंडोज हॅलो, म्हणजे बोटाने मशीन उघडायची विंडोजची सोय, चुकवून दाखवलं. त्यासाठी खोटं बोट बनवावं लागलं नाही. तिन्हींत जुळवणी सेन्सरच्याच चिपमध्ये होत होती. त्यांनी सेन्सर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या संवादातच हात घातला, आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसच्या बाबतीत तर स्वतःचं उपकरण सेन्सर म्हणून पुढे केलं. हा दुवा सुरक्षित ठेवायला मायक्रोसॉफ्टने एक पद्धत आधीच बनवलेली होती. तिघांपैकी दोन मशीनवर ती चालूच नव्हती. तेव्हा सेन्सरने स्वतःची ओळख पटवून द्यावी, ही अपेक्षा रास्तच.

माझं भांडण आहे ते किल्ली कोणाच्या हातात, याबद्दल. 2016 च्या सुरुवातीला बोट ओळखणारं होम बटण बाहेरच्या दुकानात बदललेले कित्येक आयफोन अपडेटनंतर 'एरर 53' दाखवून बंद पडले होते. मूळ बोर्ड आणि नवं बटण यांची ओळख पटली नाही, एवढंच कारण. त्या प्रकरणात ग्राहकांना चुकीची माहिती दिली म्हणून 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने ॲपलला 90 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पुढे 2021 मध्ये त्याच कंपनीने टच आयडी असलेला सुटा कीबोर्ड काढला. तो एम मालिकेच्या चिपवाल्या कोणत्याही मॅकला वापरणारा स्वतः जोडू शकतो. जोडणी करताना मॅकचं पॉवर बटण दोनदा दाबून होकार द्यायचा, बस. त्या कीबोर्डातही ठसा साठत नाही. म्हणजे मालकाच्या संमतीने, सुरक्षितपणे किल्ली बदलता येते हे कंपनीनेच दाखवून दिलंय. मग आतल्या बटणासाठी कंपनीच्याच प्रणालीतून जायची सक्ती कशाला? भारत सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची माहितीपुस्तकं नि सेवाकेंद्रं एका जागी मिळावीत हा त्याचा हेतू. किल्लीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तोवर मॅकबुक दुकानात ठेवताना एवढं विचारून घ्या: नुसतं बटण बसवणार, की बोर्डाशी जोडणीही करून देणार? दुसरी गोष्ट जमत नसेल तर पैसे फक्त स्विचचे द्यायचे. विंडोजवाल्यांनी मात्र उलट बाजूची काळजी घ्यावी. ज्या सेन्सरांत जुळवणी त्यांच्याच चिपमध्ये होते, त्यांत ठशांची माहितीही तिथेच असते, म्हणून बटण अजून चालत असेल तर काढण्याआधी सेटिंगमधून ठसे पुसून टाका. लेनोव्होच्या थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपांत त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, वेगळा पर्याय असतो. बटण पूर्ण मेलेलंच असेल, तर ते परत मागून घरी न्या.