सेंट अलोयशियस चॅपल, मंगळूर

मंगळूरच्या लाइटहाउस हिलवर सेंट अलोयशियस कॉलेजच्या आवारातलं हे चॅपल. आत भिंती, कमानी, छत जिकडे बघाल तिकडे चित्रं, त्यासाठीच प्रसिद्ध. लोक सरसकट चर्च म्हणतात पण हे गावाचं पॅरिश चर्च, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या भाविकांचं चर्च, नाही, कॉलेजचं स्वतःचं प्रार्थनाघर आहे. कॉलेज जेझुइट लोकांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १८८० ला काढलं आणि चॅपल त्याच दशकातलं.

चित्रं काढली एकाच माणसाने, आंतोनियो मोशेनी. जन्म १८५४, इटलीत बेर्गामोजवळच्या स्तेझ्झानो गावचा, बेर्गामोच्या कारारा अकादमीत शिकलेला. १८८९ मध्ये जेझुइट झाला, तेही फादर नाही, ब्रदर, म्हणजे संघातला पण धर्मगुरू नसलेला. इथलं काम १८९९ ला हातात घेतलं आणि साधारण दोन-अडीच वर्षांत उरकलं, बघताना हे खरं वाटत नाही. १९०५ मध्ये कोचीत वारला, म्हणजे पन्नाशी नुकतीच ओलांडलेली.

आता गंमत अशी की सगळी चित्रं एका जातीची नाहीत. भिंतींवर फ्रेस्को आहे आणि छतावर कॅनव्हासवर तैलरंग. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे, मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकून बसतो, वेगळा डिंक-सरस लागत नाही. पण गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा संपवावा लागतो, चुकलं तर खरवडून परत. आपल्याकडे अजिंठ्यालाही बरेच जण बिनधास्त फ्रेस्को म्हणतात, ते तसं नाही, तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो वाळल्यावर सरस घातलेल्या रंगांनी रंगवलंय. अजिंठा बघून झालेल्या नाशिककराने म्हणून इथे आधी भिंत बघावी, मग छत.

छताच्या मधल्या रांगेत अलोयशियस गोन्झागाची गोष्ट आहे. हा १५६८ ला जन्मलेला सरदार घराण्यातला थोरला मुलगा, वारसा धाकट्या भावाला देऊन जेझुइट झाला, रोममध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता तोही आजारी पडला आणि १५९१ मध्ये २३ व्या वर्षी गेला. छताच्या उतरत्या भागावर येशूचे प्रेषित, मागच्या भिंतीवर मुलांमध्ये बसलेला येशू. मला विचाराल तर सगळ्यात भारी हेच, कॉलेजच्या चॅपलला शोभणारंही. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलवरून याला भारताचं सिस्टीन चॅपल म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही, मायकेलँजेलोचं छत १५०८ ते १५१२ चं, काळ वेगळा, हात वेगळा, उगाच तुलना कशाला.

किनाऱ्यावरची दमट खारी हवा आणि तिथला धो धो पाऊस, यात कॅनव्हास आणि चुना दोन्हीचे हाल होतात, कॅनव्हास सैल पडतो, भिंतीत ओल मुरली की क्षार वर येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. १९९० च्या दशकात इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या लखनौच्या तज्ज्ञांनी चित्रांचं जतनकाम केलं, आज दिसतं ते त्यामुळेच.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट मंगळूर जंक्शनला जाते, पनवेलवरून कोकण रेल्वेने. आत फोटोला सहसा परवानगी नसते, प्रार्थना चालू असेल तर थांबायचं, आवाज हळू. आपल्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेतली गर्दी डोक्यात ठेवून जाऊ नका, इथे शांत बसूनच मान वर करायची असते, आणि मान दुखतेच. तेवढा वेळ नसेल तर मोशेनीची चित्रं मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्येही आहेत, नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं.